ब्रशच्या वळणाचा मराठी फॉन्ट: दुकानदार, पेंटर आणि डीटीपीवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

मी लातुरात अक्षरं काढायचं काम करतो. हाताने पाट्याही रंगवतो आणि ब्रशने लिहिलेल्या अक्षरांचे फॉन्टही तयार करतो. गंजगोलाईतले दुकानदार, नांदेड-परभणीचे फ्लेक्सवाले, सप्ताहाच्या पत्रिका छापणारी मंडळी आणि अलीकडे कॉम्प्युटरवर बसू लागलेले पेंटर मला पुन्हा पुन्हा जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. माझं एक मत आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची बरीचशी उत्तरं त्यातूनच निघतात: ब्रशचा फॉन्ट थोड्या शब्दांसाठी आणि मोठ्या आकारासाठी असतो.

ब्रशचा फॉन्ट ओळखायचा कसा?

फटकारा बघा. ब्रश कुठे टेकला, कुठे दाबला आणि कुठे उचलला हे अक्षरात दिसलं पाहिजे. उदाहरणार्थ ‘क’. दंड, म्हणजे उभी रेघ, शिरोरेषेतून खाली येतो तेव्हा ब्रश पूर्ण भरलेला असतो, म्हणून वरची बाजू जड आणि काठ गुळगुळीत. तळाशी हात सुटतो, तिथे दंड थोडा निमुळता होतो. डावीकडचा वाटोळा भाग एका दमात फिरून दंडाला येऊन मिळतो. मग उजवीकडची शेपटी बाहेर पडते. एव्हाना रंग संपत आलेला असतो, ब्रशचे केस फाकतात आणि शेपटीच्या टोकाला दोन-तीन बारीक पांढऱ्या रेघा राहतात. हे सगळं एका अक्षरात घडतं. चांगल्या फॉन्टमध्ये ते प्रत्येक अक्षरात त्या-त्या अक्षराच्या वळणाप्रमाणे घडतं. वाईट फॉन्टमध्ये साध्या अक्षराचे काठ नुसते खरवडलेले असतात आणि त्यामागे हात फिरलेलाच नसतो.

मग हस्ताक्षराचा फॉन्ट आणि हा, एकच का?

नाही. हस्ताक्षराचा फॉन्ट पेनाच्या वळणाचा असतो, रेघ बहुतेक एकाच जाडीची. ‘कलम’ हा त्या जातीचा, आणि तो मजकुरासाठीही चालतो. बोरूच्या किंवा कटनिबच्या अक्षरात जाड-बारीकपणा काप कोणत्या कोनात धरला यावर ठरतो. देवनागरीच्या बोरूचा काप रोमन निबच्या उलट बाजूला असतो, म्हणून इंग्रजी सुलेखनाच्या निबने मराठी लिहायला गेलं की जिथे जाड हवं तिथे बारीक पडतं. चपट्या ब्रशचा स्वभाव बोरूच्या जवळचा. मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून केलेला ‘यात्रा वन’ हा फॉन्ट उतरवून बघा, चपट्या ब्रशची शिस्त त्यात छान दिसते. गोल ब्रशचं सगळं दाबावर चालतं: दाबला की जाड, उचलला की बारीक. लोक ‘ब्रश स्क्रिप्ट’ म्हणून मागतात तो बहुतेक वेळा हा दुसरा, धावत्या हाताचा प्रकार असतो.

इंग्रजीत असे फॉन्ट ढीगभर आहेत. मराठीत इतके कमी का?

इंग्रजीत अमेरिकन टाइप फाउंडर्सने ‘ब्रश स्क्रिप्ट’ १९४२ मध्ये आणला, तो रॉबर्ट स्मिथ यांनी काढला होता. फ्रान्समध्ये रोजे एक्सकोफों यांचा ‘मिस्त्राल’ १९५३ चा आणि ठसठशीत ‘शॉक’ १९५५ चा. त्यांना मोठी-छोटी अक्षरं, आकडे आणि विरामचिन्हं एवढ्यावर काम भागवता येतं. आपल्याकडे काना, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार आणि जोडाक्षरं धरली की आकार कित्येक शेकड्यांत जातात. शिशाच्या खिळ्यांच्या काळात धावतं वळण ओतणं जवळपास अशक्यच होतं. त्यामुळे जाहिरातीला किंवा नाटकाच्या नावाला जिवंत अक्षर हवं असलं की ते हाताने काढून घ्यायचे. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या नावांना दिलेली अक्षरं याच वाटेने आली. नाटकाचा सूर नुसत्या अक्षरातून कळावा इतकी ती बोलकी आहेत. कॉम्प्युटरवर मराठी आली तेव्हा आधी गरज होती वाचायच्या अक्षराची. र. कृ. जोशी यांचा ‘मंगल’ विंडोजमधून घरोघरी पोहोचला तो त्यासाठीच. सजावटीचे फॉन्ट मागाहून येऊ लागले, आणि अजून खूप व्हायचे आहेत.

शिरोरेषेचं एवढं काय असतं?

सगळं तिथेच असतं. इंग्रजी धावतं अक्षर खालच्या अंगाने पुढच्या अक्षराला हात देतं. आपलं अक्षर वरून जोडलेलं असतं. पेंटर शब्द लिहितो तेव्हा शिरोरेषा एका हाताची असते. ती सुरुवातीला जड, मध्ये सरळ आणि शेवटी थोडी वर उचललेली किंवा सुटलेली असते. फॉन्टमध्ये मात्र प्रत्येक अक्षराला आपल्यापुरता रेघेचा तुकडा सोबत घेऊन यावं लागतं. ‘बाजार’ लिहा नाहीतर ‘जबरदस्त’, ‘ज’चा तुकडा दोन्हीकडे जुळला पाहिजे.

यातून तीन वाटा निघतात. पहिली, रेघ सगळीकडे एकाच जाडीची ठेवायची. जोड दिसत नाही, पण ब्रशचा जीव जातो. दुसरी, शिरोरेषाच काढून टाकायची. गुजराती अक्षर तसंच आहे आणि दिसायला मोकळंही वाटतं, पण मराठीत ‘भ’ आणि ‘म’, ‘ध’ आणि ‘घ’ यांची ओळख रेघ कुठे तुटते यावर असते, त्यामुळे लांबून वाचणारा अडखळतो. तिसरी वाट, मला पटलेली: रेघेच्या तुकड्यांचे काठ दोन्ही टोकांना ठरलेल्या उंचीवर आणायचे, मध्ये मात्र त्यांना थोडं हलू द्यायचं. शब्दाच्या पहिल्या आणि शेवटच्या अक्षरासाठी वेगळे आकार काढून ठेवायचे, म्हणजे रेघ हाताने सुरू झाल्यासारखी आणि हाताने सुटल्यासारखी वाटते. कष्ट दुप्पट होतात, पण पाटीवर फरक लगेच कळतो.

एकाच शब्दात तेच अक्षर दोनदा आलं की खोटं वाटतं. उपाय?

‘दादा’, ‘ममता’, ‘काका’ हे शब्द ब्रशच्या फॉन्टची परीक्षा घेतात. हाताने लिहिलेले दोन ‘द’ कधीच तंतोतंत सारखे नसतात. चांगल्या ओपनटाइप फॉन्टमध्ये नेहमीच्या अक्षरांचे दोन-तीन पर्याय असतात आणि शेजार बघून ते आपोआप बदलतात. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘कॉन्टेक्स्चुअल अल्टरनेट्स’ हा पर्याय चालू आहे का तेवढं बघा.

कुठे वापरला तर शोभतो?

जिथे नाव हाक मारल्यासारखं पोहोचायला हवं, तिथे. अखंड हरिनाम सप्ताहाच्या पत्रिकेवर वरचं नाव ब्रशमध्ये फार सुंदर दिसतं. पण खाली रोजच्या कीर्तनकारांची, मृदंगाचार्यांची आणि अन्नदात्यांची जी लांबलचक यादी असते ती ‘मुक्ता’सारख्या साध्या फॉन्टमध्येच घ्या. एवढ्या नावांमध्ये आपलं नाव शोधणाऱ्या माणसाला ते चटकन सापडलं पाहिजे, तो त्याचा मान आहे.

चहाचं हॉटेल, रसवंती, धाबा, कुस्त्यांची दंगल, उरूस, शेतकरी मेळावा, शाळेचं स्नेहसंमेलन या सगळ्यांना ब्रश चालतो. बियाण्याच्या पिशवीवर वाणाचं नाव ब्रशमध्ये आणि बाकी सगळी माहिती साध्या अक्षरात, हेही जमतं. पैठणीच्या दुकानांना मी गोल ब्रशऐवजी चपट्या ब्रशचं वळण सुचवतो. पैठणीचं विणकाम बारीक आणि शिस्तीचं असतं, त्याच्यावर धसमुसळा फटकारा भांडल्यासारखा वाटतो. लग्नपत्रिकेवर वधू-वरांची नावं किंवा ‘शुभविवाह’ एवढंच. मुहूर्त, स्थळ आणि निमंत्रकांची नावं ब्रशमध्ये छापलेली पत्रिका आजी-आजोबांना वाचता येत नाही.

आणि कुठे नको?

औषधाचं नाव, फवारणीचं प्रमाण, फोन नंबर, भाव, तारीख: यात कुठेही नको. धावत्या ब्रशमध्ये १ आणि ९ एकमेकांच्या जवळ जातात. मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, भावफलकावर एवढी चूक महागात पडते.

‘भावपूर्ण श्रद्धांजली’च्या बॅनरवर उडता ब्रश बघून मला फार वाईट वाटतं. वाढदिवस आणि पुण्यस्मरण एकाच वळणात लिहू नयेत. तिथे सरळ, शांत, उभं अक्षर घ्या. फ्लेक्सवाल्यांना माझी कळकळीची विनंती आहे: घरच्यांना त्या घाईत अक्षर सुचत नाही, तेव्हा ही काळजी तुम्हीच घ्या.

दुकानाच्या पाटीला ब्रशचं अक्षर कायद्याने चालतं का?

चालतं. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार कामगार कितीही असोत, पाटी मराठीत आणि देवनागरी लिपीत हवी, मराठी नाव आधी यायला हवं आणि त्याचा आकार दुसऱ्या भाषेतल्या अक्षरापेक्षा लहान असता कामा नये. वळण कोणतं असावं यावर बंधन नाही. एक गोष्ट मात्र बघा. ब्रशच्या फॉन्टमध्ये वर मात्रांना आणि खाली उकारांना बरीच जागा जाते, त्यामुळे सॉफ्टवेअरमध्ये मराठी आणि इंग्रजीला एकच पॉइंट साइज दिली तरी मराठी बारीक दिसू शकतं. आकडा बघू नका, अक्षराची प्रत्यक्ष उंची मोजा.

लांबून वाचता यावं म्हणून अक्षर किती मोठं हवं?

पाट्यांच्या धंद्यात एक ढोबळ हिशेब चालतो: दहा फुटांमागे एक इंच उंचीचं अक्षर. रस्ता ओलांडून पन्नास फुटांवरून वाचायचं तर पाच इंच. ब्रशच्या मराठी अक्षरासाठी मी यात सढळ हाताने भर घालतो, आणि उंची शिरोरेषेपासून तळापर्यंत मोजतो, वेलांटीच्या टोकापासून नाही.

फॉन्ट विकत घेण्याआधी काय तपासावं?

हे शब्द टाइप करून बघा: ॲग्रो, ट्रॅक्टर, दऱ्याखोऱ्या, कुऱ्हाड, उद्घाटन, ज्ञानेश्वरी, श्रद्धांजली, कीर्ती, औंढा, वैद्यनाथ, तुळजाभवानी.

प्रत्येक शब्द मुद्दाम घेतला आहे. आपल्याकडे मोंढ्यात दर दुसऱ्या पाटीवर ‘ॲग्रो’ असतं आणि वकिलांच्या पाटीवर ‘ॲड.’ असतं, पण ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं आणि कितीतरी फॉन्टमध्ये ते आजही नसतं. मग तिथे चौकोन तरी येतो, नाहीतर दुसऱ्याच फॉन्टचं अक्षर घुसतं. ‘कीर्ती’मध्ये रफार आणि वेलांटी एकमेकांवर चढतात का बघा. ‘औंढा’त मात्रा आणि अनुस्वाराची गर्दी होते. ‘उद्घाटन’चं जोडाक्षर पाय मोडून न दिसता एकसंध यायला हवं, फ्लेक्सवर सगळ्यात जास्त लागणारा शब्द तोच आहे. ‘दऱ्या’मधला अर्धा र ही खास मराठीची गरज, हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या फॉन्टमध्ये तो विसरला जातो. तो टाइप करायला इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून जे, मग डी, मग स्लॅशची कळ दाबा.

शेवटी ‘ल’ आणि ‘श’ बघा. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात देवनागरी वर्णमालेची प्रमाण रूपं ठरवली, त्यात ही दोन अक्षरं मराठी वळणाची आहेत. हिंदी वळणाचा ‘ल’ ब्रशमध्ये आला की आपल्या माणसाला काहीतरी परकं वाटतं, भले त्याला नेमकं काय ते सांगता न येवो.

आमचा सगळा मजकूर श्रीलिपी या जुन्या मराठी सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेला आहे. त्यावर हा फॉन्ट लावला तर?

भलतीच अक्षरं दिसतील. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. मजकूर आधी कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा आणि एकदा डोळ्यांखालून घाला. जोडाक्षरांच्या आणि रफाराच्या चुका तिथेच राहतात.

फोटोशॉपमध्ये वेलांटी अक्षराच्या मागे जाते, जोडाक्षरं फुटतात.

फॉन्ट ठीक आहे, सेटिंग बदला. परिच्छेदाच्या पर्यायांत ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोजर निवडा. मधल्या काळातल्या आवृत्त्यांमध्ये त्याआधी प्रेफरन्सेसमधल्या ‘टाइप’मध्ये जाऊन ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’ चालू करावं लागतं. फार जुन्या कोरलमध्ये (कोरलड्रॉमध्ये) युनिकोड मराठी नीट जुळत नाही, तिथे आवृत्ती बदलण्याला पर्याय नाही. कॅनव्हामध्ये स्वतःचा फॉन्ट चढवायचा तर पैसे भरलेलं खातं लागतं.

आउटलाइन दिली की अक्षरांच्या मध्ये उभ्या रेघा दिसतात.

शिरोरेषेचे तुकडे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात, त्यांचे काठ आउटलाइनमध्ये उघडे पडतात. कोरलमध्ये शब्दाची एक प्रत बाजूला ठेवा, दुसरी कंट्रोल-क्यू करून कर्व्ह करा, मग ‘वेल्ड’ करा, म्हणजे सगळे तुकडे जोडून एक आकार करा, आणि त्यानंतर आउटलाइन द्या. अक्षरांमधलं अंतर वाढवायचा मोह मात्र टाळा. इंग्रजी नाव ऐसपैस दिसावं म्हणून अंतर देतात तसं मराठीला दिलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचा शब्द राहत नाही.

रेडियम कटिंग किंवा सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कापायच्या मशीनवर) हे अक्षर कापता येईल?

भरीव आवृत्ती कापता येते. कोरड्या ब्रशच्या पांढऱ्या रेघा असलेली नाही. त्या प्रत्येक रेघेला असंख्य बिंदू असतात, प्लॉटरची सुई अडखळते आणि कापलेलं रेडियम सोलताना बारीक तुकडे निघून जातात. ॲक्रेलिकची किंवा एसीपीची (ॲल्युमिनियमच्या थराच्या पत्र्याची) उठावाची अक्षरं करताना शिरोरेषा आपल्या उपयोगाला येते, सगळा शब्द एकसंध निघतो. अनुस्वार आणि चंद्र यांसारखे सुटे राहिलेले भाग वेगळे बसवावे लागतात, त्यांची जागा आधी कागदी साच्यावर खूण करून घ्या.

शेजारी उर्दू नाव असेल तर काय जुळतं?

संभाजीनगरच्या जुन्या पेठांमध्ये, नांदेडात, परभणीत अशा पाट्या खूप आहेत, आणि मला त्या मनापासून आवडतात. नस्तालिकचा, म्हणजे उर्दूच्या नेहमीच्या वळणाचा, शब्द उजवीकडून डावीकडे उतरत जातो, आपला शब्द रेघेला लटकतो. दोघांना एकाच सरळ पट्टीत कोंबू नका, उर्दूला वर-खाली मोकळी जागा द्या. नस्तालिकमधलं जाड-बारीक कलमाचं असतं, म्हणून मराठीसाठी चपट्या ब्रशचं अक्षर घ्या. रंगाचं वजन दोन्हीकडे सारखं दिसेपर्यंत आकार बदलत राहा. उर्दूसाठी ‘नोटो नस्तालिक उर्दू’ मोफत मिळतो.

मोफतचे फॉन्ट धंद्यासाठी वापरले तर अडचण?

परवाना वाचा. ‘ओपन फॉन्ट लायसन्स’ असलेला फॉन्ट पाटी, पत्रिका, पॅकिंग कशासाठीही वापरता येतो. तो फॉन्ट एकटा विकता मात्र येत नाही. ‘फक्त वैयक्तिक वापरासाठी’ असं लिहिलेला फॉन्ट दुकानाच्या पाटीवर लावायचा नाही. आणि पेनड्राइव्हवरून पेनड्राइव्हवर फिरणारा विकतचा फॉन्ट ही चोरीच आहे. एका फॉन्टमागे एका माणसाचे कित्येक महिने गेलेले असतात.

मी पेंटर आहे. माझ्याच अक्षराचा फॉन्ट होईल का?

होईल, आणि व्हायलाच हवा. अठरा-वीस वर्षं भिंती आणि ट्रॉल्या रंगवलेल्या हाताला अक्षराचा तोल सांगावा लागत नाही. सुरुवात कागदावर करा. दोऱ्या मारता तशा चार रेघा आखा: मात्रांची, शिरोरेषेची, पायाची आणि उकारांची. प्रत्येक अक्षर सुटं काढू नका, शब्द लिहा. शब्दात हात धावतो, सुट्या अक्षरात तो थांबतो. एकेक शब्द अनेकदा लिहा आणि सगळ्यात चांगला राखा. साधी शाई आणि जाड कागद पुरतो, एनॅमल लागत नाही. सहाशे डीपीआयवर स्कॅन करा, ‘इंकस्केप’मध्ये आकार काढा आणि ‘फॉन्टफोर्ज’मध्ये बसवा. दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. जोडाक्षरं आणि मात्रांच्या जागा लावण्याचं काम किचकट आहे, तिथे जाणकार सोबतीला घ्या. पण त्याच्याशी आधीच लिहून ठरवा की फॉन्टवर नाव कोणाचं आणि पैसे कसे वाटायचे.

फॉन्ट आल्यावर हाताच्या कामाला कोण विचारणार?

हाताचं काम फ्लेक्सने आधीच खूप कमी केलं. त्यात कित्येक चांगल्या पेंटरांनी ब्रश ठेवून दिले, हे मी जवळून बघितलं आहे. पण भिंत, शटर, ट्रॉली, देवळाची कमान हे आजही हातानेच रंगवतात. आणि एक शब्द नेमक्या जागेत, नेमक्या वळणात बसवायचा असेल तर फॉन्ट हाताची बरोबरी करू शकत नाही. दुकानाचं नाव एकदाच लिहायचं असतं. बजेट असेल तर ते पेंटरकडूनच लिहून घ्या, आणि पिशव्या, पावत्या, स्टिकर यांच्यासाठी फॉन्ट वापरा.

आमच्या दुकानावर जुन्या पेंटरने रंगवलेली पाटी आहे. तिच्यावरून फॉन्ट करता येईल?

पाटीवर आठ-दहाच अक्षरं असतील, बाकीची त्या वळणावरून काढावी लागतात. आधी पाटी सांभाळा. थिनरने पुसू नका, घासू नका, ओल्या मऊ कापडाने धूळ तेवढी टिपा. ढगाळ दिवशी किंवा सावलीत, अगदी समोर उभं राहून फोटो काढा. खालून वर मान करून काढलेल्या फोटोत वरची अक्षरं आखडतात. सोबत एक फूटपट्टी ठेवा. पाटीच्या कोपऱ्यात खाली बारीक अक्षरात पेंटरचं नाव आणि गाव असतं, त्याचा वेगळा फोटो घ्या. ते हयात असतील तर आधी त्यांना जाऊन भेटा. राहिलेली अक्षरं त्यांच्याच हातून लिहून घ्या आणि त्याचे पैसे द्या.